‘म्हणून सुरक्षित’: काचेवरच्या एका वाक्याची चिकित्सा

इमारतींच्या काचेवर लिटरेचर रिव्ह्यू लिहायला बसलं की एक वाक्य आपोआप लिहिलं जातं: टफन्ड काच साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत असते, फुटली तर तिचे बारीक, बोथट तुकडे होतात, म्हणून ती सुरक्षित. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्येही ते होतं. आज त्याचीच चिकित्सा करू. माहिती बरोबर आहे. घोळ ‘म्हणून’ या शब्दात आहे.

आधी बरोबर काय ते. काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झटकन थंड करतात. पृष्ठभाग आधी घट्ट होतो, गाभा मागाहून आकसतो. त्यामुळे पृष्ठभागावर दाब आणि गाभ्यात ताण कायमचा अडकून राहतो. काच ताणानेच फुटते, त्यामुळे पृष्ठभागावरचा दाब तिला वाचवतो. पण चीर एकदा गाभ्यात शिरली की साठलेली ऊर्जा अख्ख्या काचेचा चुरा करते. युरोपीय मानकात हे तुकडे चक्क मोजतात: नेहमीच्या जाडीच्या काचेत ५० बाय ५० मिलिमीटरच्या चौकटीत किमान ४० हवेत.

आता विचारा, ही चाचणी नेमकं काय मोजते? काच मुद्दाम फोडली तर तुकडे कसे होतात, एवढंच. दारावर आदळणाऱ्या माणसासाठी हे मोजमाप योग्यच आहे. पण पंधराव्या मजल्यावरच्या काचेखाली फुटपाथ असतो. तिथले प्रश्न वेगळे: ती आपणहून फुटेल का? फुटली तर फ्रेममध्ये टिकेल का? वरून येणारे तुकडे सुटेसुटेच पडतील असं नाही; एकमेकांत अडकलेले गठ्ठेही पडतात.

मेलबर्नच्या आयसीआय हाउसचं उदाहरण घ्या. १९५८ साली पूर्ण झालेल्या या इमारतीच्या भिंतींवरच्या टफन्ड काचा फुटू लागल्या. १९६१ मध्ये सीएसआयआरओ या संस्थेतले बॅलंटाइन यांनी त्याचा संबंध काचेतल्या निकेल सल्फाइडच्या बारीक कणांशी जोडला. हा कण ३७९ अंशांच्या वर एका स्फटिकरूपात असतो. काच झटकन थंड केल्यावर तो त्याच रूपात अडकतो आणि पुढे महिने, कधी वर्षं घेत दुसऱ्या रूपात जातो. तेव्हा त्याचं आकारमान २ ते ४ टक्के वाढतं. कण ताणाच्या पट्ट्यात असेल तर चीर सुटते. साध्या काचेत हाच कण सहसा निरुपद्रवी राहतो. म्हणजे जो ताण काचेला बळ देतो, तोच कणाला घातक बनवतो!

यावर उपाय म्हणून ‘हीट सोक’ करतात. टफन्ड काच काही तास २६० ते २९० अंशांवर ठेवतात, म्हणजे सदोष काचा भट्टीतच फुटतात. उपयोग नक्की होतो, पण धोका शून्य होत नाही. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमधला पीव्हीबीचा थर तुकडे धरून ठेवतो. मात्र दोन्ही थर टफन्ड असतील आणि दोन्ही फुटले, तर चुऱ्याची ती चादर वाकून फ्रेममधून निसटू शकते. कमी ताणाची हीट-स्ट्रेंग्थन्ड काच लॅमिनेट केली तर मोठे तुकडे एकमेकांना आधार देतात. तिथेही कडेतून ओल शिरली तर थर सुटतात, म्हणून कडा आणि सीलंट पाहावेच लागतात.

माझ्या सिनॉप्सिसमधलं ते वाक्य आता असं आहे: टफन्ड काच आघाताच्या चाचणीत सुरक्षित ठरते, उंचावरच्या भिंतीसाठी फुटल्यानंतरचं वर्तन वेगळं तपासावं लागतं. वाचायला थोडं कंटाळवाणं आहे, चालेल. तुमच्या रिव्ह्यूत ‘सुरक्षित’, ‘टिकाऊ’, ‘प्रभावी’ असा शब्द आला की थांबा आणि विचारा: कुणासाठी, किती काळ, आणि कोणत्या चाचणीत?