गज, कात्री आणि काव्याची साखळी

संतकवींविषयी लिहिताना आपली समीक्षा ‘भोळा भाव’ हा शब्द फार सैलपणे वापरते. शिंपी, कुंभार, माळी, न्हावी, दासी अशी ओळख सांगितली की या कवींचे ज्ञान कोठून आले, हा प्रश्नच उरत नाही. सारे अंतःप्रेरणेच्या खात्यावर जमा होते. या गौरवात एक अन्याय दडलेला आहे. हिंगोली जिल्ह्यातील कयाधूकाठच्या नरसीला परंपरा ज्यांचे जन्मस्थान मानते त्या नामदेवांच्या (परंपरेनुसार १२७०–१३५०) संदर्भात तो तपासून पाहावा, एवढाच या टिपणाचा हेतू आहे.

तुलनेसाठी जपानमधील ‘रेंगा’ ही साखळी-कविता उपयोगी पडते. तिचा पहिला मोठा संग्रह १३५६ सालचा, म्हणजे जवळजवळ नामदेवकालीन. अनेक कवी एकत्र बसून आळीपाळीने कडवी रचत. प्रत्येक कडवे फक्त आधीच्या कडव्याशी जोडायचे आणि त्याच्या मागच्यापासून दूर न्यायचे. १४८८ मध्ये सोगी, शोहाकू आणि सोचो या तिघांनी मिनासे येथे अशी शंभर कडवी रचली. यांपैकी शोहाकू सरदार घराण्यातला, सोगी सामान्य कुळातला आणि सोचो लोहाराचा मुलगा. तरी तिघांना एकत्र बसता आले, कारण जुने दरबारी काव्य, ‘गेंजी’ची कथा, ऋतूंचे संकेत आणि रचनेचे नियम तिघांनाही पाठ होते. मात्र या प्रवेशाची एक किंमत होती. लोहाराच्या मुलाला दरबाराची भाषा शिकावी लागली. बापाच्या भट्टीला शिष्ट रेंगात जवळपास जागा नव्हती.

नामदेवांच्या मेळ्यातही असेच सामायिक ज्ञान दिसते. प्रल्हाद, ध्रुव, गजेंद्र यांचे नुसते नाव घेताच श्रोत्याला सगळी कथा उमगावी, ही अपेक्षा त्यांच्या रचनेत गृहीत आहे. अभंगातील चरणांचा आणि अक्षरांचा हिशेब सांगणारा एक अभंगही नामदेवांच्या नावावर आहे. छंदाचे असे भान असलेल्या कवीला ‘भोळा’ म्हणून सोडून देता येत नाही.

फरक पडतो तो पुढे. येथे शिंप्याला आपली अवजारे दाराबाहेर ठेवावी लागली नाहीत. मनाला गज आणि जिभेला कात्री मानणारे नामदेवांचे पद आज शिखांच्या गुरुग्रंथसाहिबात आहे. त्या ग्रंथात त्यांची ६१ पदे मानली जातात. सावत्यांचा मळा, सेनांची हजामतीची हत्यारे, जनाबाईंचे दळणकांडण हेही असेच कवितेत आले. गोरोबांनी थापटण्याने संतांची डोकी ठोकून नामदेवांचे मडके कच्चे ठरवले आणि मग नामदेव औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले, ही आख्यायिका इतिहास म्हणून नव्हे, ज्ञानाविषयीचे विधान म्हणून वाचावी. त्या मेळ्यात कुंभाराची पारख ही अध्यात्माचीही कसोटी ठरू शकत होती.

रेंगाची साखळी आणि आपली साखळी यांची चालही निराळी आहे. वारकरी कीर्तनात निरूपणासाठी एक अभंग घेतात आणि त्याला इतर संतांच्या वचनांची प्रमाणे जोडत जातात. कीर्तनकाराने पहिला शब्द उच्चारताच टाळकऱ्यांनी पुढचा चरण उचलायचा असतो. तेथे पोथी उघडायला सवड नसते. रेंगा प्रत्येक दुव्यागणिक पुढे सरकतो, तर कीर्तन कितीही दूर गेले तरी मूळ चरणाकडे परतते. म्हणून ‘नामा म्हणे’ ही मुद्रा असलेल्या रचनांपैकी मूळ नामदेवांच्या कोणत्या आणि नंतरच्या विष्णुदास नामांसारख्यांच्या कोणत्या, हा पाठचिकित्सेचा प्रश्न आवश्यक असला तरी पुरेसा नाही. कोणता अभंग कीर्तनात कोणत्या अभंगाशेजारी येतो, हेही नोंदवले पाहिजे. त्या शेजारातच या परंपरेचे ज्ञान साठलेले आहे.

अर्थात सामायिक भांडाराचे वर्णन करताना त्याच्या दारावरचा पहारा विसरता कामा नये. चोखोबांना मेळ्यात स्थान होते, मंदिरात नव्हते. ज्या देवाविषयी सारे गात होते, त्याला ते उंबऱ्याबाहेरून जाणत होते. त्यांच्या कवितेतील ज्ञान त्या अंतरासकट वाचावे लागते.

२०१५ मध्ये पंजाबातील घुमानला मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा नामदेवांच्या प्रवासाचा आपण अभिमानाने उल्लेख केला. तो योग्यच होता. पण त्या प्रवासात त्यांच्यासोबत पुराणे, छंद, कीर्तनाची रीत आणि शिंपीकामाची परिभाषा अशी भक्कम विद्या होती. तिला विद्या म्हणणे, हे समीक्षेचे बाकी राहिलेले काम आहे.