सीमेवरील तीन वास्तू : ख्मेर अवशेषांच्या वाचनाविषयी

थायलंड व कंबोडिया या देशांकडे आपल्या उपासक-उपासिकांच्या धम्मयात्रा आता वारंवार निघतात. परतल्यावर लिहिलेली त्यांची प्रवासवर्णने आम्ही आस्थेने वाचत असतो. त्यांत श्रद्धा आहे, उत्साह आहे. परंतु ज्या वास्तूपुढे आपण हात जोडले ती कोणाची, कोणत्या शतकातील व कोणत्या हेतूने उभारलेली, ही चौकशी त्यांत क्वचितच आढळते. या उणिवेकडे लक्ष वेधण्यासाठीच हा लेख लिहावा लागत आहे.

डांगरेक पर्वताच्या कड्यावरील प्रेअ विहिअर हे याचे ठळक उदाहरण होय. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ साली हे स्थळ कंबोडियाच्या सार्वभौमत्वाखालील ठरविले आणि २००८ साली त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. 'विहिअर' म्हणजे आपलाच 'विहार' हा शब्द. एवढ्यावरून ते प्राचीन बौद्ध विहार असल्याचे आपल्यापैकी अनेकांनी लिहून टाकले आहे. वस्तुतः तेथील शिलालेखांत शिखरेश्वर या नावाने शिवाचा उल्लेख येतो, आणि अकराव्या-बाराव्या शतकांत विस्तारलेले ते शैव देवालय होते. केवळ नावावरून हक्क सांगणे हा आमच्या मते संशोधनाचा मार्ग नव्हे. दुसऱ्या बाजूस, रमेशचंद्र मजुमदार यांनी १९४४ साली आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच या साऱ्या भूभागाला अतिपूर्वेकडील 'हिंदू वसाहती' म्हटले. तो शिक्का अद्याप पुसला गेलेला नाही, आणि मार्गदर्शकांच्या तोंडून तोच आपल्या यात्रेकरूंच्या कानी पडतो. दोन्ही वाचने सारखीच आळशी आहेत.

तरीही 'विहिअर' हे नाव निरर्थक नाही. बाबासाहेबांनी प्राचीन भारताच्या इतिहासाकडे क्रांती आणि प्रतिक्रांती या दृष्टीने पाहिले. ती दृष्टी घेऊन अंगकोरला गेलेल्या वाचकास तेराव्या शतकात छिन्नीने खरवडून काढलेल्या बुद्धमूर्तींच्या रांगा पाहून वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. काही ठिकाणी बुद्धाच्या जागी लिंग कोरले गेले, काही ठिकाणी आसनस्थ बुद्धाचा ऋषी करण्यात आला. मात्र तेथे प्रतिक्रांतीचा शेवट आपल्या देशातल्यासारखा झाला नाही. इ.स. १२९६-९७ मध्ये चिनी प्रवासी चौ ता-क्वान अंगकोरला राहिला, तेव्हा त्याला मुंडण केलेले पीतवस्त्रधारी भिक्षू दिसले. लोकांनी थेरवाद स्वीकारला, आणि जुनी शैव देवालयेही कालांतराने बुद्धपूजेची स्थाने झाली. ते नाव या नंतरच्या थराचे आहे.

आमचे खरे म्हणणे आहे ते याच पर्वतरांगेतील ता मुएन येथील वास्तुसमूहाविषयी. थायलंडच्या सुरिन प्रांतातून सीमेकडे जाताना जवळजवळ अंतरावर तीन वास्तू लागतात. शेवटची व सर्वांत मोठी ती ता मुएन थॉम. स्वयंभू शिळेलाच लिंग मानून तिच्याभोवती उभारलेले हे अकराव्या शतकातील शैव मंदिर आहे. पर्यटकांची गाडी थांबते ती येथे. आम्ही तेथे गेलो तेव्हा आमच्यासोबतच्या मंडळींनीही आधीच्या दोन वास्तूंना खिडकीतूनच निरोप दिला होता. परत फिरून त्या पाहाव्यात, यासाठी बरीच मनधरणी करावी लागली.

या दोन्ही लहान वास्तू बौद्ध राजा सातवा जयवर्मन याच्या काळातील, जांभ्या दगडाच्या आहेत. पहिली, ता मुएन, म्हणजे वाटसरूंच्या विश्रामस्थानाचे देवगृह. इ.स. ११९१ च्या प्रेअ खान शिलालेखात अशा १२१ अग्निगृहांचा उल्लेख आहे. त्यांतील १७ अंगकोरहून फिमाईकडे जाणाऱ्या मार्गावर होती, आणि हा घाट त्याच मार्गावरचा. दुसरी, ता मुएन तोच, हे आरोग्यशालेचे प्रार्थनागृह. एक लहानसे शिखर, प्राकार, बाहेर तळे. प्रत्यक्ष आरोग्यशाला लाकडाची होती, ती नामशेष झाली. देवाला दगड आणि रुग्णाला लाकूड, हा त्या काळचा संकेत बौद्ध राजानेही मोडला नाही, हे येथे नमूद करून ठेवावेसे वाटते.

इ.स. ११८६ च्या ता प्रोह्म शिलालेखानुसार अशा आरोग्यशाला १०२ होत्या. त्यांच्या संस्थापनेचे जवळजवळ समान मजकुराचे संस्कृत लेख लाओसमधील से फोंगपासून सुरिनपर्यंत सापडले आहेत. प्रारंभी त्रिकाय बुद्धाला, नंतर भैषज्यगुरूला वंदन आहे. प्रजेच्या शरीरातील रोग हा राजाच्या मनाचा रोग होय, असा आशय पुढे येतो. मग वैद्य, पाणी तापविणारे सेवक, भात कांडणाऱ्या स्त्रिया यांची मोजदाद. मध, मिरी, जिरे, कापूर यांची यादी. सम्राट अशोकाने दुसऱ्या शिलालेखात मनुष्य व पशू यांच्या चिकित्सेची जी व्यवस्था सांगितली, तिचे स्मरण आपल्या वाचकांना येथे झाल्यावाचून राहणार नाही.

याच लेखात चारही वर्णांच्या लोकांवर येथे उपचार व्हावेत, असे म्हटले आहे. आपल्याकडील काही लेखक हे वाक्य समतेचा पुरावा म्हणून आनंदाने उद्धृत करतात. तो आनंद आम्हांस पूर्णपणे वाटून घेता येत नाही. 'चार वर्ण' म्हटल्यावर पाचवा कोठे गेला, हे विचारण्याचा अधिकार जगात कोणाला असेल तर तो आपल्याला आहे. ख्मेर समाजात भारतातल्यासारखी जातिव्यवस्था रुजली नव्हती, तेथे वर्ण हा शब्द पुष्कळदा राजसेवेतील गटांसाठी वापरला गेला, हे मान्य. परंतु चौ ता-क्वान डोंगरी लोकांतून विकत घेतलेल्या गुलामांविषयी लिहितो. त्यांना घराच्या खालच्या बाजूसच बसता-निजता येई. असा गुलाम आजारी पडल्यास तो आरोग्यशालेच्या दारात येऊ शकत होता काय? शिलालेख मौन आहे. शिवाय या आरोग्यशालांना धान्य-वस्त्रे पुरविण्यासाठी ८३८ गावे व ८१,६४० स्त्रीपुरुष नेमून दिल्याचे ता प्रोह्मचा लेख अभिमानाने सांगतो. करुणेचा हा खर्च कोणाच्या श्रमातून भागत होता, हे त्या आकड्यातच आहे.

यावरून जयवर्मनाचे कार्य हलके ठरते, असे कोणी समजू नये. घाटातील वाटसरूसाठी पेटता दिवा आणि रुग्णासाठी वैद्य, ही राज्याची जबाबदारी आहे असे मानून त्याने ती दगडावर कोरून ठेवली. मोठ्या मंदिराच्या लिंगापुढे अशी कोणतीही जबाबदारी लिहिलेली आम्हांस आढळली नाही. त्याचे ऋण मान्य करावे, आणि प्रश्नही विचारावेत.

२४ जुलै २०२५ रोजी याच ता मुएन थॉमच्या परिसरात दोन्ही देशांच्या सैन्यांत गोळीबार सुरू झाला व पाच दिवस लढाई चालली. दोन्ही बाजूंचे सैनिक तथागताला शरण जाणारे. ज्या घाटात एकेकाळी अग्निगृह होते तेथील गावांतून माणसे परागंदा झाली. अशा स्थितीत ता मुएनचा आग्रह आम्ही धरणार नाही. बुरीराम प्रांतात मुआंग ताम मंदिराजवळ, तसेच फिमाई येथे, याच काळातील आरोग्यशालांची प्रार्थनागृहे आहेत. फलकावर मात्र आरोग्यशालेचे नाव शोधू नये. दोन्ही ठिकाणी स्थानिक लोक त्यांना 'कुटी रुएसी', म्हणजे ऋषीची कुटी, म्हणतात.