शिक्षक-विद्यार्थी संबंधांचे मोजमाप : शहापूर-मुरबाडमधील विज्ञानवर्गांच्या संदर्भात एक समीक्षा

प्रस्तावना :
माध्यमिक स्तरावरील विद्यार्थ्यांची विज्ञानविषयक अभिवृत्ती व शिक्षकाशी असलेले त्यांचे नाते अभ्यासण्यासाठी दोन साधने विशेष परिचित आहेत. थिओ वुबेल्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये विकसित केलेली प्रश्नावली शिक्षकाचे वर्तन ८ उपश्रेणींत मांडते. बॅरी फ्रेझर यांच्या १९८१ च्या अभिवृत्ती चाचणीत ७ उपश्रेणी व ७० विधाने आहेत. शिक्षकाविषयी विद्यार्थ्यालाच विचारावे, हे पहिल्या साधनाचे मोल निर्विवाद आहे. मात्र ग्रामीण ठाणे जिल्ह्यात ही साधने केवळ भाषांतरित करून वापरणे कितपत योग्य, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

विवेचन :
शहापूर व मुरबाड तालुक्यांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी या समाजांची मुले शिकतात. आश्रमशाळा निवासी असल्याने तेथील नाते तासिकेपुरते नसते. जेवण, आजारपण, घरची ओढ या साऱ्यांशी ते जोडलेले असते. वर्गातील आंतरक्रियेपुरती मर्यादित प्रश्नावली हा भाग टिपत नाही.

दुसरी मर्यादा मौनाच्या अर्थाची आहे. प्रश्न न विचारणारा विद्यार्थी उदासीन ठरविला जातो. वस्तुतः 'परासरण', 'प्रकाशसंश्लेषण' यांसारख्या संज्ञा घरच्या बोलीपासून दूर असतात. राब भाजल्याने तण का मरते, हे शेतात पाहिलेल्या मुलाजवळ अनुभव असतो. तो मांडण्यास वर्गात वाव नसतो. मुंबईला पाणी पुरविणारी भातसा व तानसा धरणे शहापुरात असून तेथील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. 'विज्ञान समाजोपयोगी आहे' या आशयाच्या विधानाशी असहमती दर्शविणारा तेथील विद्यार्थी विज्ञानविरोधीच असेल, असे नाही.

या संदर्भात होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे कार्य मार्गदर्शक आहे. १९७० च्या दशकात केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत विज्ञान-अध्यापनाचा प्रकल्प राबविला. विज्ञान शिकताना येणारा भाषेचा अडसर हा डॉ. वि. गो. कुलकर्णी यांच्या अभ्यासाचा विषय होता. भाषा सुलभ होणे ही विद्यार्थ्याने बोलते होण्याची पूर्वअट आहे, ही दिशा त्यातून मिळते.

निष्कर्ष :
अभिवृत्तीचा अल्प गुणांक हा विद्यार्थ्याचा दोष मानल्यास दहावीनंतर विज्ञानशाखेची वाट त्याच्यासाठी अकारण बंद होते. तो शिक्षकाच्या माथी मारल्यास प्रयोगसाहित्य व भाषा हे प्रश्न झाकले जातात. म्हणून प्रश्नावलीस वर्गनिरीक्षण व बोलीतील मुलाखतींची जोड देणे आवश्यक आहे. 'शिक्षक प्रेमळ आहेत काय?' या प्रश्नाइतकाच 'न समजलेले पुन्हा विचारता येते काय?' हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.