‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका आणि मुक्तीनंतरचा प्रश्न

अर्पणपत्रिका हे ग्रंथातील बहुधा न वाचले जाणारे पान. वाचक ते उलटून प्रस्तावनेकडे वळतो आणि समीक्षक त्याकडे केवळ शिष्टाचार म्हणून पाहतो. महात्मा जोतीराव फुले यांच्या ‘गुलामगिरी’ला मात्र हा न्याय लावता येणार नाही. १८७३ साली प्रसिद्ध झालेला हा मराठी ग्रंथ जोतीरावांनी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सज्जन लोकांना अर्पण केला. कृष्णवर्णीयांना दास्यातून सोडविताना त्या लोकांनी दाखविलेल्या निःस्वार्थ त्यागाविषयी आदर, आणि आपल्या देशबांधवांनीही तोच कित्ता गिरवून शूद्र बांधवांना ब्राह्मणी पाशातून मोकळे करावे ही आशा, असे दुहेरी प्रयोजन त्या पानाला आहे. या पानाचा गौरव पुष्कळ झाला. त्या मानाने त्याची चिकित्सा थोडी. ती चिकित्सा तानसा, शहापूर, मुरबाड या आपल्या पट्ट्यात उभे राहून केली तर काय हाती लागते, हे पाहण्याचा येथे प्रयत्न आहे. ‘गडी’, ‘खावटी’, ‘बयाणा’ हे शब्द ज्या मुलखात शब्दकोशातून शिकावे लागत नाहीत, तेथील वाचकाला या पानात काही अधिक दिसेल आणि काही उणेही जाणवेल.

अमेरिकेतील ते युद्ध आपल्या भागाला अगदीच परके होते असेही नाही. १८६१ ते १८६५ या काळात दक्षिणेकडील संस्थानांचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा ती तूट भरून काढणाऱ्यांत मुंबईचे व्यापारी पुढे होते. वऱ्हाड-खानदेशचा कापूस थळघाट उतरून, शहापूर तालुक्यातूनच, मुंबईच्या गोदीकडे जात असे. युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईच्या पेढ्या धडाधड बुडाल्या. जोतीरावांच्या पिढीला अमेरिका ठाऊक होती ती अशी बाजारातून, आणि अहमदनगरच्या अमेरिकन मिशनच्या शाळांतून. मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा त्यांना तेथील मिस फॅरार यांच्या शाळेवरून मिळाली, हे सर्वश्रुत आहे. टॉमस पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ त्यांनी तरुणपणीच वाचले होते. तेव्हा अर्पणपत्रिकेतील अमेरिका ही त्यांच्या मनात पंचवीस वर्षे घडत आलेली प्रतिमा आहे.

ग्रंथाच्या इंग्रजी प्रस्तावनेवर १ जून १८७३ ही तारीख आहे. त्या दिवशी पेंटेकॉस्टचा रविवार होता. त्यापूर्वी बरोबर सात आठवडे, म्हणजे १३ एप्रिल रोजी, पुनरुत्थानाच्या सणादिवशी, लुइझियाना संस्थानातील कोलफॅक्स या गावी काय घडले होते? निवडणुकीच्या वादातून गावच्या न्यायालयाचे रक्षण करीत बसलेल्या कृष्णवर्णीय नागरिकांवर सशस्त्र गोऱ्या जमावाने हल्ला केला, इमारतीला आग लावली, आणि शरण आलेल्यांनाही ठार मारले. मृतांची संख्या कोणी साठ सांगतात, कोणी दीडशे. (लुइझियानात जिल्ह्याला ‘पॅरिश’ म्हणतात. फ्रेंच-स्पॅनिश अमदानीतील कॅथलिक धर्मग्रामांवरून तो शब्द राज्यकारभारात शिरला. ज्या ‘पॅरिश’मध्ये हे हत्याकांड झाले तिला गुलामांच्या मुक्तीचे युद्ध जिंकणाऱ्या सेनापती ग्रँट यांचे नाव होते.) काही आरोपींना शिक्षा झाल्या, परंतु १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या रद्द ठरविल्या.

म्हणजे जोतीराव ज्या मुक्तीचे पूर्ण झालेले कार्य म्हणून अभिनंदन करीत होते, ती तिकडे अजून झुंजत होती. १८६५ ते १८७७ हा काळ अमेरिकन इतिहासात पुनर्रचनेचा काळ म्हणून ओळखला जातो. सुमारे चाळीस लाख माणसे मुक्त झाली. राज्यघटनेत तीन दुरुस्त्या झाल्या: १८६५ मध्ये दास्य संपले, १८६८ मध्ये नागरिकत्व आले, १८७० मध्ये पुरुषांना मताचा हक्क मिळाला. त्याच १८७० साली हायरम रेव्हल्स हे पहिले कृष्णवर्णीय गृहस्थ सिनेटमध्ये जाऊन बसले. आणि १८७७ मध्ये उत्तरेने दक्षिणेतील सरकारांच्या पाठीशी उभे केलेले आपले सैन्य मागे घेताच हा सारा डोलारा एकेका संस्थानात पाडून टाकण्यात आला.

अर्पणपत्रिकेतील पहिली उणीव मात्र तारखेची नाही, दृष्टीची आहे. ती देणाऱ्यांचे आभार मानते. मुक्ती हे सज्जनांनी केलेले दान आहे अशी तिची मांडणी आहे. वस्तुतः उत्तरेच्या सैन्यात सुमारे एक लाख ऐंशी हजार कृष्णवर्णीय सैनिक लढले, आणि त्यांच्याहून कितीतरी अधिक माणसे मळे सोडून पळाली. मुक्ती त्यांनी स्वतः अर्धीअधिक मिळविली होती. डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस या कृष्णवर्णीय इतिहासकाराने १९३५ साली पुनर्रचनेवरील आपल्या मोठ्या ग्रंथात हे ठासून मांडले. तोवर अमेरिकन विद्यापीठांचा इतिहासही या माणसांकडे उपकृत म्हणूनच पाहत होता. गंमत अशी की ‘गुलामगिरी’चा गाभा याच्या उलट आहे. जोतीराव आणि धोंडिबा यांच्या त्या संवादात धोंडिबा प्रश्न विचारून विचारून स्वतः जागा होतो, त्याला कोणी दान देत नाही. अर्पणपत्रिका वरच्या थरातील लोकांशी इंग्रजीत बोलते, ग्रंथ धोंडिबाशी मराठीत बोलतो. दोन भाषांत दोन वेगळ्या मुक्ती आहेत असे म्हणावेसे वाटते.

दुसरी उणीव आपल्याला, म्हणजे ख्रिस्ती वाचकाला, अधिक बोचावी. ‘सज्जन लोक’ या शब्दांत आपण अभिमानाने सामील होतो. तो अभिमान इतिहासाच्या कसोटीवर धरून पाहावा. १६१९ साली व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर जे वीसेक आफ्रिकी उतरविले गेले ते अंगोलाहून निघालेल्या एका पोर्तुगीज जहाजावरून लुटून आणलेले होते. त्याच काळी वसईच्या किल्ल्यावरही पोर्तुगीजांचाच ध्वज होता. बंदिवानांना जहाजात चढविण्यापूर्वी बाप्तिस्मा देण्याचा त्यांचा दंडक होता. पुढे, १६६७ साली, व्हर्जिनियाने कायदा केला की बाप्तिस्म्याने दासाच्या स्थितीत फरक पडत नाही. त्याआधी १६६२ च्या कायद्याने मुलाचे दास्य आईवरून ठरू लागले होते. मेरिलँड ही वसाहत १६३४ मध्ये इंग्रज कॅथलिकांना आसरा म्हणून वसली. तेथील येशूसंघीय धर्मगुरूंच्या मळ्यांवर दास राबत होते. १८३८ साली, जॉर्जटाउनचे कॉलेज कर्जात असताना, प्रांताधिकारी फादर मलेडी यांनी २७२ माणसे १,१५,००० डॉलरना लुइझियानाच्या मळेवाल्यांना विकली. पुढच्याच वर्षी पोप सोळावे ग्रेगरी यांनी गुलामांच्या व्यापाराचा निषेध करणारे पत्र काढले. अमेरिकेतील बिशपांनी त्याचा अर्थ असा लावला की निषेध समुद्रापारच्या व्यापाराचा आहे, घरच्या दास्याचा नाही. कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारणारा १८५७ चा ड्रेड स्कॉट निकाल लिहिणारे मुख्य न्यायाधीश टॉनी हेही कॅथलिकच होते. जॉर्जटाउन विद्यापीठाने आणि येशूसंघाने या विक्रीबद्दल जाहीर क्षमा मागितली ती २०१७ साली. विद्यापीठाच्या एका इमारतीला आता विक्रीच्या यादीतील पहिल्या माणसाचे, आयझॅक हॉकिन्स यांचे, नाव आहे. संत पेद्रो क्लाव्हेरची चरित्रे आपल्या घरांत असतात आणि ती असावीतही. परंतु ही यादीही त्यांच्या शेजारी असावयास हवी.

तिसरी उणीव सर्वांत मोठी. अर्पणपत्रिकेला जमीन दिसत नाही. जानेवारी १८६५ मध्ये सेनापती शर्मन यांनी समुद्रकाठची जमीन मुक्त कुटुंबांना चाळीस-चाळीस एकरांनी देण्याचा हुकूम काढला होता. लिंकन यांच्या हत्येनंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन्सन यांनी त्याच वर्षी ती जमीन पूर्वीच्या मालकांना परत केली. मग मुक्त माणूस जुन्याच मालकाच्या रानात अर्धेलीने राबू लागला. बी-बियाणे, बैल, पोटाला धान्य, सारे उधार. आणि हंगामाअखेर हिशेबाची वही मालकाकडे. बाजारात विकला जाणारा दास संपला. वहीत अडकलेला दास जन्मास आला. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात मोशे सांगतो की दासाला सोडशील तेव्हा त्याला रिकाम्या हाती पाठवू नको. मळ्यांवर दर रविवारी बायबल वाचले जात होते, हा अध्यायही त्यात होताच.

येथून आपल्या जिल्ह्याकडे वळले पाहिजे. त्या वहीचे वर्णन ज्या मराठी ग्रंथात सर्वांत समर्थपणे आले आहे तो तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याचाच आहे. गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० साली प्रसिद्ध झाले व १९७२ साली साहित्य अकादमीने ते गौरविले. त्यातील भूमी डहाणू-उंबरगावची आणि माणसे वारली. तथापि शहापूर-मुरबाडच्या कातकरी-ठाकूर पाड्यांत ते वाचताना परकेपणा वाटत नाही. लग्नासाठी शंभर-पाऊणशे रुपये सावकाराकडून घ्यावेत आणि त्या पैशांत स्वतःला, नंतर बायकोलाही, त्याच्या दारी बांधून घ्यावे: हा लग्नगडी. मुंबई सरकारसाठी सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने १९३९ साली केलेल्या अहवालातही तो भेटतो, परंतु तेथे तो कागदावरचा आहे. गोदावरीबाईंच्या पुस्तकात तो बोलतो, घाबरतो, अडखळतो. वसाहतकालीन अमेरिकेत जहाजाच्या भाड्यापोटी चार ते सात वर्षे स्वतःला बांधून घेणारे गोरे नोकर असत. लग्नगड्याचा करार बाह्यतः तसा आहे. फरक हा की गोऱ्या नोकराची मुदत संपत असे.

या पुस्तकाचे वाङ्मयीन मोल तिच्या पहिल्या भागात आहे असे माझे मत आहे. पुण्यातली सुशिक्षित बाई झोपडीत राहते, भाषा शिकते, लोकांच्या गप्प राहण्याचा अर्थ लावते. तो भाग कोणत्याही कादंबरीने हेवा करावा असा आहे. पुढे पक्षाची शिस्त निवेदनावर बसते, जमीनदार सारे एकाच साच्याचे होतात, आणि लेखिकेला शंका येणे थांबते. परंतु एक गोष्ट ती पक्की टिपते, जी अर्पणपत्रिकेच्या नजरेतून निसटली होती. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याच्या किसान परिषदेला काही वारली आले, मे महिन्यात झरीच्या परिषदेत वेठ न करण्याचा निर्धार झाला, लग्नगडी सुटू लागले. आणि पहिल्याच हंगामात गवतकापणीच्या मजुरीचा संप आला. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. सुटलेला माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाच्या रानात, किती मजुरीवर जाणार, हा प्रश्न तिने पानोपानी जागता ठेवला आहे.

तो प्रश्न मागे राहिलेला नाही. १ एप्रिल १९५७ च्या कूळकायद्याने कूळ म्हणून नोंद असलेल्याला जमीन मिळाली; ज्याची कोठेच नोंद नव्हती त्या कातकऱ्याला त्यातून काय मिळणार? १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. श्रमजीवी संघटनेने पुढे याच जिल्ह्यात त्या कायद्याच्या आधारे वेठबिगारांना सोडविले. कायद्यामागे माणसे उभी राहावी लागतात हे तिकडे १८७७ ने दाखविले होते, इकडे त्यांनी दाखविले. तरीही पावसाळ्यात हातात पडलेला बयाणा दिवाळीनंतर अख्खे कुटुंब वीटभट्टीवर घेऊन जातो. हिशेब होतो पावसाच्या तोंडावर, आणि वही अजून शेठकडेच असते. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. पाण्याच्या मागोमाग भट्टीच्या विटाही जातात.

जोतीरावांवर मात्र अन्याय होऊ नये. अर्पणपत्रिका हा त्यांचा अखेरचा शब्द नव्हे. दहा वर्षांनी, १८८३ साली, त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला. तेथे पुराणांतील अवतार मागे सरतात आणि कर्जरोखे, सारा, जंगलखाते, सावकार, कुलकर्णी पुढे येतात. शेतकऱ्याच्या घरातील भांडीकुंडी, कपडालत्ता यांचे इतके बारीक वर्णन मराठी गद्यात त्यापूर्वी क्वचितच झाले असेल. ‘गुलामगिरी’त दास्य मनाचे आहे, ‘असूडा’त ते वहीचे झाले आहे. दोन्ही ग्रंथ कीर-मालशे यांनी संपादिलेल्या समग्र वाङ्मयात एकाच बांधणीत मिळतात. धर्मग्रामांच्या वाचनमंडळांनी पहिला वाचून थांबण्याची जी सवय लावून घेतली आहे ती मोडावी, आणि त्यानंतर गोदावरीबाईंचे पुस्तक हाती घ्यावे; क्रम हाच असावा.