चाळीस डॉलर

धुकं विरलं आहे. मिसिसिपी पुन्हा रुंद, शांत वाहते आहे. तराफ्यावर जिम गुडघ्यांत डोकं घालून झोपला आहे, एक हात अजून सुकाणूच्या वल्ह्यावर. दुसरं वल्हं मोडलंय, तराफाभर पाला, काटक्या, चिखल. रात्री धुक्यात दोघांची चुकामूक झाली होती, हाका मारून मारून जिम थकून गेला होता. होडीतून परतलेला हक गुपचूप त्याच्या शेजारी आडवा होतो, त्याला उठवतो आणि सांगतो, मी कुठं गेलो होतो? इथंच तर होतो. तुला स्वप्न पडलं असेल. जिम गोंधळतो, मग विश्वास ठेवतो, त्या स्वप्नाचा अर्थसुद्धा लावू लागतो. सगळा अर्थ लावून झाल्यावर हक बोट दाखवून विचारतो, मग या पाल्याचा अर्थ काय?

मार्क ट्वेनच्या ‘हकलबेरी फिन’मधलं हे पंधरावं प्रकरण. जिम पाल्याकडे पाहतो, हककडे पाहतो, पुन्हा पाल्याकडे. हसत नाही. तू हरवलास म्हणून माझं काळीज तुटत होतं, सुखरूप दिसलास तेव्हा तुझे पाय धरावेसे वाटले, आणि तुला सुचलं काय, तर मला वेड्यात काढणं, असं तो सांगतो. मित्राच्या डोक्यावर घाण टाकून त्याला शरमिंदा करणारी माणसं म्हणजेच कचरा, एवढं बोलून उठतो आणि तराफ्यावरच्या खोपटात निघून जातो. त्याची माफी मागायला हकला पंधरा मिनिटं लागतात. ट्वेन मिनिटं सांगतो, त्या वेळात हकच्या मनात काय चाललं होतं ते सांगत नाही. तेरा-चौदा वर्षांचा गोरा मुलगा, गुलामगिरी कायदेशीर असलेलं मिसुरी राज्य आणि समोर पळून आलेला गुलाम. मला ती पंधरा मिनिटं फार थोडी वाटतात.

शाळेत असताना मी या कादंबरीची संक्षिप्त मराठी आवृत्ती वाचली होती. तिच्यात तराफा होता, लफंगे होते, हकचा मित्र टॉम सॉयर होता. ही पंधरा मिनिटं नव्हती. पुढे पूर्ण पुस्तक हाती आलं तेव्हा कळलं, की पोरांना जड जाईल म्हणून काढलं होतं तेच तर पुस्तक होतं.

कुमारवयासाठीच्या पुस्तकाची आपल्याला ठरलेली वाट माहीत असते. मुलगा चुकतो, ठेच लागते, शहाणा होतो. हक मात्र बरोबर वागतो आणि शेवटपर्यंत त्याला ती आपली चूकच वाटते. त्याच्या भोवतीची सगळी भली माणसं, त्याला सांभाळणारी विधवा, प्रार्थना करायला शिकवणारी मिस वॉटसन, गुलामाला पळायला मदत करणं म्हणजे चोरी, असंच मानतात. जिम मिस वॉटसनच्याच मालकीचा. हकची सदसद्विवेकबुद्धी या माणसांनी घडवली आहे, म्हणून तिची टोचणी खरी आहे आणि तिचं सांगणं खोटं. ट्वेननं पुढे आपल्या टिपणांत लिहिलं, की या पुस्तकात निकोप हृदयाची आणि बिघडलेल्या सदसद्विवेकबुद्धीची झुंज होते आणि सदसद्विवेकबुद्धी हरते. मला भिडतं ते हे, की हे त्यानं टिपणात ठेवलं, हकच्या कानात सांगितलं नाही.

सोळाव्या प्रकरणात हक जिमला पकडून द्यायलाच होडीतून निघतो. वाटेत बंदूकधारी दोघे भेटतात. तराफ्यावरचा माणूस गोरा की काळा, या प्रश्नावर हकची जीभ अडखळते आणि तो म्हणून जातो, गोरा. मग तराफ्यावर देवीची साथ असल्याचा त्यांचा समज होऊ देतो. ते घाबरून लांबूनच फळीवर वीस-वीस डॉलरची दोन सोन्याची नाणी ठेवून त्याच्याकडे सोडतात. चाळीस डॉलर. आकडा लक्षात असू द्या.

तेविसाव्या प्रकरणात पहाटे जिम एकटाच कण्हत बसलेला असतो. बायकोमुलांची आठवण आलेली असते. तो एलिझाबेथची गोष्ट सांगतो. चार वर्षांची पोर, स्कार्लेट फिव्हरमधून नुकती उठलेली. दार लाव, म्हणून त्यानं सांगितलं; ती नुसती हसत उभी. दोनदा सांगितलं, ओरडून सांगितलं, मग थोबाडीत मारली. थोड्या वेळानं वाऱ्यानं तिच्या मागे तेच दार धाडकन आपटलं आणि पोर हललीसुद्धा नाही. जिम तिच्या डोक्यामागे जाऊन जोरात ओरडतो, तरी नाही. तापानं ती बहिरी झाली होती. हक यावर एक अक्षर बोलत नाही. प्रकरण तिथं संपतं. मी हे कितीदा वाचलंय, आणि दर वेळी त्या दारापाशी थांबतो.

जानेवारी 1896 मध्ये ट्वेन व्याख्यानांच्या दौऱ्यावर मुंबईत आला, वॉटसन हॉटेलात उतरला. खोली दाखवायला आलेल्या एका धिप्पाड जर्मन माणसानं तिथल्या हिंदी नोकराला, काय चुकलं ते न सांगताच, तोंडावर फटका मारला. काम बाल्कनीच्या दाराचं होतं. नोकरानं ते निमूट सोसलं. ‘फॉलोइंग द इक्वेटर’ या 1897 च्या प्रवासवर्णनात ट्वेन लिहितो, की त्या क्षणी त्याला मिसुरीतलं बालपण आठवलं. त्याचे वडील सज्जन गृहस्थ, पण घरच्या गुलाम पोराला क्षुल्लक चुकीवरून चापट मारायचे; त्या काळची ती रीतच होती. मुंबईतला फटका ट्वेननं कादंबरी निघाल्यावर दहा-बारा वर्षांनी पाहिला. तरी दार आणि थोबाडीत, ही जोडी मला सोडवत नाही. सज्जनांच्या हातून काय काय होतं, हे तो लहानपणीच बघून बसला होता.

एकतिसावं प्रकरण सर्वांना ठाऊक असतं. स्वतःला ‘राजा’ म्हणवणाऱ्या एका लफंग्यानं जिमला विकलेलं असतं, चाळीस डॉलरला. हक मिस वॉटसनला पत्र लिहितो, जिम कुठं आहे ते कळवतो. लिहून झाल्यावर त्याला पाप धुऊन निघाल्यासारखं हलकं वाटतं. पत्र बाजूला ठेवून तो विचार करत बसतो, आणि विचारात काय येतं? सिद्धांत नाही. स्वतःचा पहारा संपल्यावर हकला न उठवता त्याचाही पहारा करणारा जिम येतो. धुक्यातून परतल्यावर आनंदलेला जिम येतो. हक कागद हातात घेतो, थरथरतो, श्वास रोखतो, नरकात जायची तयारी करतो आणि पत्र फाडतो. त्या नरकावर त्याचा खराखुरा विश्वास आहे. तो विश्वास काढून घेतला, तर त्या फाडण्याला किंमत उरत नाही.

लगेच पुढच्या प्रकरणात हक एका बाईला थाप मारतो, की आगबोटीवर स्फोट झाला. कुणाला लागलं का? नाही, एक काळा मेला, एवढंच. बरं झालं, बाई म्हणते, कधी कधी माणसांना इजा होते. जिमसाठी नरक पत्करलेल्या मुलाच्या तोंडी हे वाक्य येतं. त्याचं मन बदललं, मत बदललं नाही. ते हेरायचं काम ट्वेन वाचकावर सोडतो, आणि तो वाचक बारा-तेरा वर्षांचा असू शकतो, हे जाणून सोडतो.

पुस्तकावर वाद कायमचे. अमेरिकेत ते 1885 मध्ये निघालं, त्याच वर्षी कॉन्कर्डच्या सार्वजनिक ग्रंथालयानं ते असभ्य म्हणून काढून टाकलं. काळ्यांसाठीचा अपमानास्पद शब्द त्यात दोनशेहून अधिक वेळा येतो. 2011 च्या एका आवृत्तीत त्याजागी ‘गुलाम’ घातला गेला. तो शब्द वर्गात मोठ्यानं वाचला जात असताना बाकावर बसलेल्या काळ्या मुलाला काय होत असेल, हा प्रश्न खरा आहे, आणि पुस्तकावरच्या प्रेमापोटी तो मी झटकणार नाही.

शेवटची प्रकरणं मात्र मला आजही बोचतात. टॉम सॉयर येतो आणि जिमच्या सुटकेचा खेळ मांडतो: दोरशिड्या, कोळी, उंदीर, निनावी पत्रं. मिस वॉटसन दोन महिन्यांपूर्वीच वारली होती आणि मृत्युपत्रानं जिमला मुक्त करून गेली होती. टॉमला ते पहिल्यापासून माहीत होतं. धुक्यानंतरची थट्टा तो आठवडेच्या आठवडे करतो, आणि या वेळी पाल्याकडे बघून बोलणारं कुणी नसतं. इतका वेळ कैदी म्हणून मुकाट राहिल्याबद्दल टॉम शेवटी जिमच्या हातावर बक्षीस ठेवतो. चाळीस डॉलर.

जिम हरखून जातो. याच जिमसाठी मिस वॉटसनला कुणी आठशे देऊ करत होतं, ते ऐकूनच तो पळाला होता. तराफ्यावर त्यानं बेत सांगितला होता: पै-पै साठवायची, आधी बायकोला विकत घ्यायचं, मग दोघांनी राबून दोन्ही पोरांना. शेवटच्या प्रकरणात त्या बायकोचं, त्या पोरांचं नाव निघत नाही. हक पश्चिमेकडे पळायच्या तयारीत आहे, टॉम त्या सुटकेच्या खेळात पायात लागलेली गोळी गळ्यात घालून मिरवतो आहे. एलिझाबेथ अजून मालकाच्याच घरी आहे.