पोलमनचें कुल : एक परीक्षण

असई (जि. जालना) येथें २३ सप्टेंबर १८०३ रोजीं शिंद्यांच्या कवायती पलटणी चालविणाऱ्या अँथनी पोलमनचें वृत्त हर्बर्ट काँप्टन यांनीं युरोपीय लष्करी साहसिकांवरील आपल्या १८९२ च्या ग्रंथांत दिलें आहे. चाकरीचा वृत्तान्त म्हणून तें उपयुक्त. परंतु पोलमनला पूर्वज मानूं पाहणाऱ्यांस ‘हानोव्हरचा’ एवढ्या विशेषणानें कुलनिर्णय करतां येणार नाहीं. हानोव्हर हें त्या काळीं इंग्लंडच्या राजाच्या छत्राखालील संस्थान होतें. तें जन्मग्राम नव्हे. तेथील दोन पलटणी १७८२ पासून सुमारें दहा वर्षें मद्रासकडे कंपनीच्या कामावर होत्या. यास्तव शोधाचा आरंभ त्यांच्या हजेरीपटांपासून करून तो गांवच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींपर्यंत न्यावा. पोलमन हें आडनांव जर्मनींत अनेक घराण्यांत आढळतें. केवळ नामसादृश्यावरून वंशावळ जोडणें म्हणजे दोन पोथ्यांचीं सुटीं पानें एका वेष्टनांत बांधणें होय.