तारकागुच्छांचे प्रकार दोनच?

खगोलशास्त्राची तोंडओळख करून देणाऱ्या पुस्तकांत तारकागुच्छांचा एक ठरलेला तक्ता असतो. डाव्या रकान्यात खुले गुच्छ: तारे शेकडो ते काही हजार, विरळ, तरुण, आकाशगंगेच्या तबकडीत राहणारे. उजव्या रकान्यात बंदिस्त गुच्छ: तारे लाखो, दाटीवाटीचे, हजार कोटी वर्षांच्या घरातले, तबकडीच्या वर-खाली विखुरलेले. परीक्षेत ‘फरक स्पष्ट करा’ असा प्रश्न येतो आणि विद्यार्थी तक्ता उतरवून गुण मिळवतो.

तक्त्यातील नोंदी ढोबळ मानाने बरोबर आहेत. आक्षेप आहे तो त्यातून मनात ठसणाऱ्या समजुतीवर. विद्यार्थ्याला वाटते की या दोन वेगळ्या जाती आहेत. हलके गुच्छ आजही जन्मतात, वजनदार गुच्छ मात्र विश्वाच्या बालपणीच जन्मले आणि तो कारखाना कायमचा बंद पडला. ही समजूत टिकणारी नाही.

मोठ्या मॅगेलनी मेघात आर १३६ नावाचा गुच्छ आहे. त्याचे वय जेमतेम १० ते २० लाख वर्षे, पण वस्तुमान हजारो सूर्यांएवढे. त्याचा गाभा इतका दाट, की १९८०च्या दशकाच्या आरंभी काही शास्त्रज्ञांनी तो एकच महाप्रचंड तारा मानला होता. १९८५ साली अधिक बारकाईने घेतलेल्या वेधांत त्या ‘ताऱ्या’चे अनेक तारे झाले. पुढे १९९०च्या दशकात हबल अवकाश दुर्बिणीने सुमारे ७ कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या, एकमेकींवर आदळणाऱ्या ‘अँटेना’ दीर्घिकांत असे तरुण गुच्छ शेकड्यांनी दाखवले. वय १० कोटी वर्षांहून कमी आणि वस्तुमान १०,००० सूर्यांहून अधिक अशा गुच्छांना आता तरुण वजनदार गुच्छ म्हणतात. आपल्या आकाशगंगेतही ते आहेत. १९६१ साली सापडलेला वेस्टरलुंड १ हा त्यांपैकी एक. तक्त्याच्या कोणत्या रकान्यात त्यांना बसवायचे?

गुच्छ कसा जन्मतो आणि कसा मोडतो, हे पाहिले की कोडे सुटते. वायुमेघातला सगळाच वायू ताऱ्यांत रूपांतरित होत नाही. जड ताऱ्यांचे प्रखर प्रारण, त्यांचे वारे आणि अखेर अतिनवताऱ्यांचे स्फोट उरलेला वायू काही लाख ते काही दशलक्ष वर्षांत हुसकावून लावतात. येथे अकरावीचे भौतिकशास्त्र उपयोगी पडते. मुक्तिवेग हा वर्तुळाकार कक्षेतील वेगाच्या √२ पट असतो. ओढणारे वस्तुमान अचानक निम्मे झाले, तर मुक्तिवेग √२ने भागला जातो, म्हणजे ताऱ्याच्या मूळ वेगाएवढाच उरतो. तारा मोकळा होतो. म्हणून निम्म्याहून अधिक वस्तुमान वायूच्या रूपात झटकन निघून गेले, तर गुच्छ सहसा विस्कटतो. सूर्याच्या परिसरात वायूत दडलेले जे गुच्छ जन्मतात, त्यांतला दहातला एकही कृत्तिकांच्या वयापर्यंत टिकत नसावा, असा हिशेब चार्ल्स लाडा व एलिझाबेथ लाडा यांनी २००३ साली मांडला. उलट जेथे वायू फार दाट आणि दाब मोठा, तेथे वायूचा बराच वाटा ताऱ्यांत जातो आणि गुच्छ बांधलेला राहतो. पुढची झीज सावकाश होते: आपसांतल्या गुरुत्वाच्या हिसक्यांनी तारे निसटतात, दीर्घिकेची ओढ बाहेरचे तारे काढून नेते. हलका गुच्छ यात संपतो, वजनदार पुष्कळ काळ तग धरतो.

म्हणजे तक्त्याचा उजवा रकाना ही जात नाही, ती शिल्लक आहे. गावात शंभरी ओलांडलेली माणसे काटक दिसतात. म्हणून शंभर वर्षांपूर्वी फक्त काटकच माणसे जन्मत होती, असे कोणी म्हणत नाही.

मात्र दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. प्रत्येक तरुण वजनदार गुच्छ म्हणजे उद्याचा बंदिस्त गुच्छ, असे ठामपणे सांगता येत नाही. जुन्या बंदिस्त गुच्छांतील ताऱ्यांच्या रासायनिक घटकांत जी विशिष्ट तफावत दिसते, ती सुमारे २०० कोटी वर्षांहून तरुण गुच्छांत फारशी सापडत नाही. हा प्रश्न अजून उघडा आहे आणि वर्गात तो उघडाच ठेवावा.

तक्त्याऐवजी आलेख वापरावा. आडव्या अक्षावर वय, उभ्या अक्षावर वस्तुमान, दोन्ही दहाच्या घातांत. त्यासाठी लागणारे गुच्छ बीड जिल्ह्यातील उमापूरसारख्या गावाच्या काळोख्या आकाशात नुसत्या डोळ्यांनी दिसतात. डिसेंबरच्या आरंभी रात्री साडेनऊच्या सुमारास पूर्वेकडे उंचावर कृत्तिका: वय १० कोटी वर्षांहून थोडे अधिक, वस्तुमान सुमारे ८०० सूर्य. त्याच वेळी उत्तरेस ययातीतील जोडगुच्छ: वय सुमारे १.४ कोटी वर्षे, भोवतालच्या ताऱ्यांसह वस्तुमान २०,००० सूर्यांच्या आसपास. मेच्या मध्यात रात्री दहाला दक्षिणेस, क्षितिजावर सुमारे २३ अंशांवर, ओमेगा सेंटॉरी: वय सुमारे १,२०० कोटी वर्षे, वस्तुमान सुमारे ४० लाख सूर्य. तो एखाद्या गिळल्या गेलेल्या लहान दीर्घिकेचा गाभा असावा, असेही अनेकांचे मत आहे; तक्त्याला हाही एक धक्काच. आर १३६ मात्र उमापूरहून क्षितिजाच्या दोन अंशही वर येत नाही. त्याचा बिंदू पुस्तकावरून मांडावा.

मग दोन प्रश्न विचारावेत. जुने आणि हलके हा कोपरा जवळजवळ रिकामा का? तेथले गुच्छ विरून गेले म्हणून. कर्क राशीतील एम ६७ हा सुमारे ४०० कोटी वर्षांचा गुच्छ हा दुर्मीळ अपवाद. तरुण आणि वजनदार हा कोपरा पुस्तकांत रिकामा का? आपल्या अंगणात तसे गुच्छ थोडे आहेत आणि बरेचसे धुळीआड आहेत म्हणून. एक कोपरा निसर्गाने रिकामा केला, दुसरा आपल्या पाहण्याच्या मर्यादेने. हा फरक ज्या विद्यार्थ्याला कळला, त्याने तक्ता पाठ केला नाही तरी चालेल.